डोअर काउंटीला पहिल्यांदा जाताना

शिकागो, मिलवॉकी, मॅडिसनकडच्या मराठी घरांत उन्हाळा आला की एक प्रश्न ठरलेला असतो. भारतातून आई-बाबा आलेत, नायगारा बघून झाला, आता गाडीने जाण्यासारखं जवळ काय आहे? कुणीतरी विस्कॉन्सिनमधल्या डोअर काउंटीचं नाव काढतं. शनिवारी पहाटे निघायचं, रस्त्यावरची दुकानं, छपरावरच्या बकऱ्या आणि चेरी पाय उरकायचा, रविवारी रात्री घरी. मग सोमवारी ऐकायला मिळतं, "छान आहे, पण तिथे बघण्यासारखं फार नाही." मला दर वेळी हे ऐकून वाईट वाटतं. मी ही जमीन मे महिन्यातल्या चेरीच्या बहरात पाहिली आहे, ऑक्टोबरच्या पानगळीत पाहिली आहे आणि एकदा फेब्रुवारीत गोठलेल्या पाण्याकाठीही उभी राहिले आहे. तिचा नकाशा आणि इतिहास थोडा डोक्यात असेल, तर दोन दिवसही पुरे पडत नाहीत. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: दोन किनारे समजून घ्या

हॉटेल शोधण्याआधी नकाशा उघडा. विस्कॉन्सिनच्या ईशान्येला अंगठ्यासारखा बाहेर आलेला जमिनीचा लांबट तुकडा दिसेल. त्याच्या पश्चिमेला ग्रीन बे नावाचं आखात आहे आणि पूर्वेला लेक मिशिगन. काउंटीचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २,३७० चौरस मैल, पण त्यात जमीन फक्त ४८२ चौरस मैलांची. बाकी सगळं पाणी! किनारा मात्र ३०० मैलांच्या घरात जातो, आणि कायमची वस्ती जेमतेम ३० हजार.

या जमिनीखाली डोलोमाइट नावाच्या चुनखडकाचा जाड थर आहे. ज्या कड्यावरून नायगारा कोसळतो, तोच कडा पंचमहासरोवरांना वळसा घालत इथवर येतो. इथे हा थर पूर्वेकडे कललेला आहे. त्यामुळे आखाताच्या बाजूला उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी आडोशाची बंदरं आणि त्या बंदरांभोवती वसलेली गावं दिसतात. सरोवराच्या बाजूला जमीन हळूहळू पाण्यात उतरते, म्हणून तिकडे वाळूच्या टेकड्या, पाणथळ जागा, उथळ खडक आणि कमी माणसं. स्थानिक लोक या दोन बाजूंना 'बेसाइड' आणि 'लेकसाइड' म्हणतात. लेकसाइडला 'शांत बाजू' असंही एक नाव आहे.

एवढं एक कळलं की पुढचं नियोजन सोपं होतं. सूर्यास्त बेसाइडला, सूर्योदय लेकसाइडला. आई-बाबांना बाकावर बसून बोटी बघायच्या असतील तर बेसाइड, आणि खडकांवर आदळणाऱ्या लाटा ऐकायच्या असतील तर लेकसाइड. बेसाइडने महामार्ग ४२ जातो, लेकसाइडने ५७. स्टर्जन बे शहराच्या उत्तरेला हे दोन रस्ते फुटतात आणि सिस्टर बे गावात पुन्हा भेटतात. उत्तर भागात एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायला गाडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे सकाळ एका पाण्यावर आणि संध्याकाळ दुसऱ्या पाण्यावर घालवणं सहज जमतं. बहुतेक जण ४२ नेच जातात आणि ४२ नेच परत येतात. अर्धी काउंटी न बघता परतायचं ते कारण.

कोकण पाहिलेल्यांसाठी एक सूचना. समोर क्षितिजापर्यंत पाणी असतं, लाटा असतात, पण हवेला खारट वास नसतो आणि डोळ्यांना दिसेल अशी भरती-ओहोटीही नसते. त्यामुळे 'हे तर तळंच आहे' असं मनाला वाटायला लागतं. तसं समजून पाण्यात उतरू नका. लेक मिशिगनमध्ये आत ओढणारे प्रवाह असतात, आणि वारा फिरला की भर जुलैत एका रात्रीत पाणी गारठतं.

दुसरी पायरी: नावामागचं दार

'डोअर' म्हणजे दार, आणि हे दार मृत्यूचं. द्वीपकल्पाचं उत्तर टोक आणि वॉशिंग्टन आयलंड यांच्यामध्ये एक चिंचोळा जलमार्ग आहे. फ्रेंचांनी त्याला 'पोर्त दे मॉर' म्हटलं, म्हणजे मृतांचं दार. इंग्रजीत ते 'डेथ्स डोअर' झालं आणि पुढे काउंटीला नुसतंच 'डोअर' चिकटलं. पोटावाटोमी आणि विनेबागो (ते स्वतःला हो-चंक म्हणवतात) या इथल्या मूळनिवासी जमातींच्या लढाईत योद्ध्यांच्या होड्या इथे वादळात बुडाल्या, अशी कथा सांगतात. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. उथळ खडक, आडवे प्रवाह आणि अचानक फिरणारा वारा मात्र तिथे आजही आहे.

युरोपियन आले ते फर शोधत. १६७९ च्या सप्टेंबरात ला साल या फ्रेंच संशोधकाचं 'ग्रिफॉन' हे जहाज ग्रीन बेच्या मुखाजवळच्या एका बेटावरून फरचा माल भरून निघालं आणि पुन्हा कुणालाच दिसलं नाही. एकोणिसाव्या शतकात लाकूड, दगड आणि धान्य वाहणाऱ्या शिडाच्या जहाजांची इथे दाटी झाली आणि तशीच बुडालेल्या जहाजांचीही. १८८८ मध्ये 'फ्लीटविंग' नावाच्या जहाजाच्या कप्तानाला रात्रीच्या अंधारात शेजारचा गॅरेट बे हाच डेथ्स डोअरचा मार्ग वाटला, आणि जहाज थेट किनाऱ्याला लागलं. त्याचे अवशेष अजून उथळ पाण्यात आहेत. पाणी नितळ असेल त्या दिवशी कयाकमधून खाली बघितलं तर लाकडी फळ्या दिसतात. काउंटीत अकरा दीपगृहं का आहेत, याचं उत्तर त्या फळ्यांत आहे.

जमीन कुणाची होती, हेही ठाऊक असावं. पोटावाटोमी लोकांची वस्ती सतराव्या शतकात वॉशिंग्टन आयलंडपलीकडच्या रॉक आयलंडवर होती. १८३१ च्या करारात मेनॉमिनी लोकांनी ग्रीन बेच्या पूर्वेचा प्रदेश अमेरिकी सरकारला दिला. त्या करारात पोटावाटोमींना विचारात घेतलं गेलं नाही, आणि आज त्यांचं नाव उरलंय ते मुख्यतः एका राज्य उद्यानाला आणि एका दीपगृहाला. काउंटीची हद्द १८५१ मध्ये आखली गेली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बेल्जियन, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक लोक आले आणि जिथे आले तिथेच रुजले. दक्षिणेला बेल्जियन, मधल्या बंदरांत नॉर्वेजियन, उत्तरेच्या बेटावर आइसलँडर. दक्षिणेकडून उत्तरेकडे गाडी चालवताना तुम्ही या वस्त्या एकामागून एक ओलांडत जाता.

तिसरी पायरी: कधी जायचं ते ठरवा

मेच्या मध्यापासून अखेरपर्यंत चेरी आणि सफरचंदाच्या बागा पांढऱ्या होतात. शहरात वसंत येऊन गेलेला असतो, पण इथे सरोवराच्या गारव्यामुळे तो उशिरा पोहोचतो. तेव्हा गर्दी कमी, थंडी बऱ्यापैकी. जॅकेट बरोबर हवंच. जून हा रानफुलांचा महिना. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चेरी तोडणीचा हंगाम असतो आणि गर्दीचाही. ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास पानं रंगतात, आणि त्या शनिवार-रविवारी फिश क्रीक ते सिस्टर बे या पट्ट्यात गाड्यांची रांग लागते.

मला विचाराल तर सप्टेंबरचे मधले आठवड्याचे दिवस. शाळा सुरू झालेल्या असतात, पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, दुकानं उघडी असतात. मुलांच्या शाळेमुळे ते जमत नसेल तर जूनचा दुसरा पंधरवडा. नोव्हेंबर ते एप्रिल बरीच उपाहारगृहं आणि दुकानं बंद असतात. त्या काळात शांतता आणि बर्फ बघायलाच जा, बाकी काही मिळेल असं धरून चालू नका.

चौथी पायरी: मुक्काम आणि सामान

शिकागोहून स्टर्जन बे सुमारे २३० मैल, मिलवॉकीहून सुमारे १५०. पण स्टर्जन बेला पोहोचलात म्हणजे प्रवास संपला असं नाही. तिथून उत्तर टोक आणखी ४५ मैलांच्या आसपास आहे, आणि रस्ता गावागावांतून जातो, तिथे वेग कमी ठेवावा लागतो. दोन रात्री हव्यातच. तीन असतील तर बेटं नीट होतात.

मुक्काम शक्यतो एग हार्बर, फिश क्रीक, इफ्रेम, सिस्टर बे किंवा बेलीज हार्बर यांपैकी एका गावात घ्या, म्हणजे दोन्ही किनारे हाताशी राहतात. पहिली चारही बेसाइडला, बेलीज हार्बर लेकसाइडला. स्वयंपाकघर असलेलं कॉटेज मिळालं तर उत्तम. ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की रात्री गरम वरण-भात किती आधार देतो, हे वेगळं सांगायला नको. भारतीय वाणसामान ग्रीन बे शहराच्या आधीच घेऊन ठेवा. त्यापुढच्या गावांत साधी किराणा दुकानं आहेत, तिथे भाज्या, दूध, दही, ब्रेड मिळतं. तंबूत राहायचं असेल तर राज्य उद्यानांतल्या जागा अकरा महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पटापट भरतात.

काउंटीत पाच राज्य उद्यानं आहेत: पोटावाटोमी, पेनिन्सुला, न्यूपोर्ट, व्हाइटफिश ड्यून्स आणि रॉक आयलंड. गाडी आत न्यायची तर प्रवेशपास लागतो. दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट असेल तर तो महाग पडतो. एकापेक्षा जास्त उद्यानं बघणार असाल तर वार्षिक पासचा हिशेब करून बघा.

सामानात तीन गोष्टी विसरू नका. एक, पाण्यात घालायचे बूट. किनाऱ्यांवर गोटे आहेत आणि परदेशातून सरोवरात आलेल्या शिंपल्यांच्या धारदार कवचांनी पाय कापतात. दोन, गोचिडांपासून बचाव. झाडीतून चालताना लांब पँट घाला, परतल्यावर मुलांचे पाय, काखा आणि केसांची मुळं तपासा. तीन, ऑगस्टमध्येही एक स्वेटर. आईला मी दर वेळी हे सांगते, आणि सूर्य मावळल्यावर ती शाल बाहेर काढतेच.

पाचवी पायरी: दक्षिणेत थांबा

ग्रीन बे शहर मागे टाकलं की रस्ता सरळ शेतांतून जातो आणि सगळे भरधाव पुढे निघतात. ब्रसेल्स, नामूर ही नावं पाट्यांवर दिसली की वेग कमी करा. १८५० च्या दशकात बेल्जियमच्या वालून भागातले शेतकरी इथे आले. जंगल तोडून त्यांनी लाकडी घरं बांधली. मग ८ ऑक्टोबर १८७१ ची रात्र आली. शिकागो जळालं तीच रात्र. त्याच कोरड्या वाऱ्यात आखातापलीकडे पेश्टिगो गाव भस्मसात झालं आणि आखाताच्या या बाजूलाही वणवा पेटला. शिकागोची आग सगळ्यांना माहीत असते, पण विस्कॉन्सिनच्या या आगीत तिच्यापेक्षा कितीतरी पट जास्त माणसं गेली. विल्यमसनव्हिल नावाच्या लाकूडकापणीच्या छोट्या वस्तीतली सुमारे साठ माणसं त्या रात्री मेली, सतराच्या आसपास वाचली. ती वस्ती पुन्हा उभी राहिली नाही. महामार्ग ५७ जवळ तिथे आता 'टॉर्नेडो मेमोरियल पार्क' नावाची छोटी जागा आहे. दहा मिनिटं थांबा. शिकागोत राहणाऱ्याने तर थांबावंच.

आगीनंतर बेल्जियनांनी घरं लाल विटांची बांधली. आजही या भागातली जुनी घरं त्या विटांवरून ओळखू येतात. काही घरांमागे पाव भाजायच्या भट्टीसह उन्हाळी स्वयंपाकघर आहे. रस्त्याच्या कडेला एका माणसापुरती, फार तर दोघांपुरती छोटी प्रार्थनाघरं दिसतील. नवस फेडायला कुटुंबांनी ती बांधली. वाटेवरच्या घुमटीसमोर हात जोडून पुढे जाणाऱ्या आपल्या माणसांना त्यामागची भावना लगेच कळते. माझ्या बाबांनी अशा एका प्रार्थनाघराशी गाडी थांबवायला लावली, चप्पल काढली आणि आत वाकून पाहिलं. सप्टेंबरात गेलात तर 'कर्मिस' या सुगीच्या सणाची चौकशी करा. तेव्हा तांदळाचं, प्रूनचं किंवा सफरचंदाचं सारण भरून वर चीजचा थर दिलेला बेल्जियन पाय मिळतो.

सहावी पायरी: स्टर्जन बेचा पूल ओलांडा

डेथ्स डोअरला वळसा घालायचा नसेल तर काय करायचं? जमीनच कापायची. १८७२ मध्ये स्टर्जन बेच्या आतल्या टोकापासून लेक मिशिगनपर्यंत कालवा खोदायला सुरुवात झाली आणि पुढच्या दहा वर्षांत जहाजं सरळ आखातातून सरोवरात जाऊ लागली. कालवा सव्वा मैलाच्या आसपास, पण त्याने उत्तरेकडची सगळी जमीन मुख्य भूमीपासून तोडली. म्हणजे पूल ओलांडून पलीकडे गेलात की तुम्ही खरं तर बेटावर असता. इथले जहाजबांधणीचे कारखाने अजून चालू आहेत. हिवाळ्यात सरोवरांवरची प्रचंड मालवाहू जहाजं दुरुस्तीसाठी इथे रांगेने उभी असतात.

शहरातला १९३१ चा पोलादी मिशिगन स्ट्रीट पूल अजून उघडतो. शिडाची बोट आली की घंटा वाजते, गाड्या थांबतात आणि रस्ता वर उचलला जातो. मुलांना हे दृश्य फार आवडतं, त्यामुळे पूल बंद दिसला तर चरफडू नका, खाली उतरा. शेजारच्या सागरी संग्रहालयात जहाजबांधणीचा इतिहास आहे. पाऊस असेल तर तिथे दोन तास सहज जातात.

सातवी पायरी: दुपार-संध्याकाळ बेसाइडला

एग हार्बर आणि फिश क्रीक लवकर बघून होतात. छान गावं आहेत, आइस्क्रीम खा आणि पुढे चला. वेळ द्या तो पेनिन्सुला राज्य उद्यानाला. इथला 'ईगल टॉवर' २०२१ मध्ये नव्याने बांधला. मनोरा ६० फूट उंच आहे, पण खरी गोष्ट त्याला जोडलेला सुमारे ८५० फूट लांबीचा उतार-मार्ग. झाडांच्या शेंड्यांमधून हळूहळू चढत तो वर पोहोचतो. गुडघे दुखणारे आजी-आजोबा, चाकाची खुर्ची, बाबागाडी, सगळे वर जाऊ शकतात. वरून आखातातली हिरवी बेटं आणि पलीकडचा मिशिगनचा किनारा दिसतो. माझ्या आईने भारतात असताना जिने चढणं सोडलं होतं. इथे ती कुणाचा हात न धरता वरपर्यंत आली आणि अर्धा तास खाली उतरायचं नाव घेईना. उद्यानातच १८६८ चं ईगल ब्लफ दीपगृह आहे, आणि निकोले बीच लहान मुलांना पाण्यात खेळायला सोयीचा आहे.

तिन्हीसांजेला इफ्रेमला या. १८५३ मध्ये अँड्रियास इव्हरसन या पाद्र्यामागून नॉर्वेजियन मोराव्हियन ख्रिस्ती मंडळी इथे आली आणि त्यांनी हे गाव वसवलं. पांढरी घरं, पांढरी चर्चं, समोर आखात. गावात दारूविक्रीला बंदी होती आणि ती २०१६ च्या मतदानापर्यंत टिकली. धक्क्यावर बसून समोर सूर्य कड्यामागे जाताना बघा. काही करायचं नाही, फोटो दोन-तीन पुरे.

सिस्टर बेच्या बकऱ्या हव्याच असतील तर अल जॉन्सन यांच्या स्वीडिश उपाहारगृहाच्या गवताच्या छपरावर उन्हाळ्यात त्या चरतात. पाऊस किंवा कडक ऊन असेल तर वर नसतात, म्हणून मुलांना आधीच वचन देऊ नका.

आठवी पायरी: पहाट लेकसाइडला

या भागासाठी अलार्म लावा. सूर्योदयाआधी केव्ह पॉइंटला पोहोचा. इथे लाटांनी चुनखडक खालून कोरून गुहा केल्या आहेत. वारा पूर्वेचा असेल तर लाट आत शिरते, पोकळीत धडकते आणि पायाखालचा खडक घुमतो. आवाज छातीत जाणवतो. कडेला कठडा नाही आणि ओला खडक निसरडा असतो. मुलांचा हात सोडू नका, आणि कुणी उडी मारताना दिसलं तरी मारू नका. लगतच व्हाइटफिश ड्यून्स उद्यान आहे. तिथली 'ओल्ड बाल्डी' ही वाळूची टेकडी सरोवरापेक्षा ९३ फूट उंच आहे आणि वर जायला लाकडी पायवाट आहे. या लांब वाळूच्या किनाऱ्यावरच ते ओढणारे प्रवाह असतात, म्हणून पाण्यात शिरण्याआधी लावलेल्या सूचना वाचा.

मग बेलीज हार्बर. तिथलं 'द रिजेस सँक्चुअरी' हे माझं संपूर्ण काउंटीतलं सर्वात आवडतं ठिकाण. सरोवर शतकानुशतकं मागे सरकत गेलं आणि दर वेळी किनाऱ्यावर वाळूचा एक बांध मागे ठेवत गेलं. असे सुमारे तीस बांध एकामागे एक आहेत आणि दोन बांधांच्या मध्ये पाणथळ खोलगट पट्टा. बांधावर कोरड्या जमिनीची झाडं, चार पावलांवर खाली दलदलीतली वनस्पती. सरोवराच्या थंड हवेमुळे खूप उत्तरेकडची झाडं इथे टिकली आहेत. पंचवीसहून जास्त जातींची ऑर्किड आहेत, आणि हिरव्या डोळ्यांचा एक चतुर आहे, हाइन्स एमराल्ड, जो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. १९३७ मध्ये इथे राहत्या गाड्यांचा तळ होणार होता. गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी तो थांबवला आणि जमीन राखून ठेवली. जूनमध्ये गेलात तर पायवाटेवरून खाली वाकून बघत चला, पिवळी 'लेडीज स्लिपर' पायाशीच फुललेली असतात. पायवाट सोडून खाली उतरू नका, कारण एका पावलाखाली अनेक वर्षांत वाढलेलं रोप जातं.

तिथून जवळच केना आयलंडचं दीपगृह आहे. १८६९ मध्ये ते विटांचं बांधलं, पण वादळी हवेने विटा झिजू लागल्या म्हणून १९०२ मध्ये वरून पोलादाचं आवरण चढवलं. बेटावर जायचा रस्ता म्हणजे गोट्यांची वाट, आणि तिच्यावर पाणी असेल तर ट्रॅक्टरने ओढलेल्या गाडीतून नेतात. वर चढायला ९७ पायऱ्या. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली बाकावर बसावं, तिथूनही सरोवर तितकंच छान दिसतं.

रात्र मोकळी असेल तर उत्तर टोकाजवळच्या न्यूपोर्ट उद्यानात जा. इथे एके काळी लाकडाच्या व्यापाराचं गाव होतं. जंगल संपलं तसं गावही ओस पडलं आणि जंगल परत आलं. २०१७ मध्ये या उद्यानाला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. अमावास्येच्या आसपासची तिथी बघून जा. अमेरिकेत वाढलेल्या आमच्या मुलाने आकाशगंगा पहिल्यांदा इथे पाहिली. टॉर्चवर लाल कागद लावा आणि फोन खिशात ठेवा. डोळे सरावायला वीस मिनिटं तरी लागतात.

खाण्याबद्दल

चेरी इथे १८९० च्या दशकात व्यापारी पद्धतीने लावली जाऊ लागली. खडकावरची पातळ माती पाण्याचा निचरा करते आणि सरोवराचा गारवा कळ्यांना लवकर उमलू देत नाही, त्यामुळे त्या उशिराच्या दहिवरातून वाचतात. तोडणीला माणसं नेहमीच कमी पडत. १९४५ च्या उन्हाळ्यात तर जर्मन युद्धकैद्यांना आणून चेरी तोडून घेतली. इथली मुख्य जात 'मॉन्टमोरेन्सी', आंबट. दुकानातल्या गोड काळ्या चेरीच्या अपेक्षेने तोंडात टाकली तर चेहरा आक्रसतो, पण आपल्याला आंबटाचं वावडं कुठे आहे? बागेत जाऊन स्वतः बादलीभर तोडा. घरी आणून बिया काढा आणि साखर, वेलची घालून मुरांबा करा. माझी आई तिचं मोहरी-हिंगाची फोडणी घालून लोणचंही करते. भाकरीबरोबर ते कैरीच्या लोणच्याइतकंच रंगतं.

'फिश बॉइल' खायचं असेल तर जागा आधी राखून ठेवा आणि जेवणाच्या अर्धा तास आधी पोहोचा, कारण शिजवणं बघणं हा त्यातला मोठा भाग आहे. उघड्यावर लाकडाच्या जाळावर मोठं पातेलं, त्यात मिठाचं पाणी. आधी लहान बटाटे आणि कांदे, शेवटी सरोवरातल्या व्हाइटफिशचे तुकडे. माशाचं तेल वर तरंगू लागलं की आचारी जाळावर रॉकेल फेकतो. ज्वाळा भडकतात, पातेलं उतू जातं आणि तेल बाहेर वाहून जातं. मुलांना मागे उभं करा. मासा वितळलेल्या लोण्याबरोबर वाढतात, मसाला काही नाही. मालवणी जिभेला तो अळणी लागेल, पण ताज्या माशाची गोडी त्यात कळते. काटे असतात, वयस्कर मंडळींना वेगळे काढून द्या. शाकाहारी लोकांनी आधी फोन करून विचारावं. बटाटे माशाच्याच पाण्यात शिजलेले असतात, हे लक्षात असू द्या.

शेवटची पायरी: दार ओलांडा

तिसरा दिवस बेटांचा. महामार्ग ४२ शेवटी नागमोडी वळणं घेत नॉर्थपोर्टच्या धक्क्यावर संपतो. तिथून गाडी बोटीवर चढवायची. अर्ध्या तासाचा प्रवास, आणि तो नेमका डेथ्स डोअरमधूनच. वर मोकळ्यावर उभे राहा. उजवीकडे प्लम आणि पायलट ही छोटी बेटं आणि त्यांवरची दीपगृहं दिसतात. वारा असेल तर बोट हलते, ज्यांना मळमळतं त्यांनी आधी गोळी घ्यावी.

वॉशिंग्टन आयलंडवर १८७० पासून आइसलँडचे लोक राहायला आले. अमेरिकेतल्या सर्वात जुन्या आइसलँडिक वस्त्यांपैकी ही एक. स्कूलहाऊस बीचवर वाळू नाहीच, गुळगुळीत पांढरट गोटे आहेत. लाटांनी हजारो वर्षं घासून ते हातात धरावेसे केलेत. मुलं खिशात घालतील. ते तिथेच ठेवायला सांगा. नेणं बेकायदेशीर आहे आणि दंड होतो. जंगलातलं स्टाव्हकिर्का हे नॉर्वेतल्या मध्ययुगीन चर्चांच्या धर्तीवरचं लाकडी चर्च, त्याच्या वाटेवरची शांतता आणि ओल्या लाकडाचा वास माझ्या मनात कायम राहिला आहे.

वेळ आणि पायांत बळ असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जॅक्सन हार्बर आहे. तिथून लहान बोटीने रॉक आयलंडला जाता येतं. तिकडे गाडी नाही, सायकलसुद्धा नाही, दुकान नाही. धक्क्याला लागताच दगडी कमानींची एक भव्य इमारत समोर येते. चेस्टर थॉर्डरसन हा आइसलँडमध्ये जन्मलेला, शिकागोत विजेच्या उपकरणांवर नाव कमावलेला संशोधक. त्याने १९१० मध्ये हे बेट घेतलं आणि हा बोटघर-दिवाणखाना बांधला. आतलं ओकचं फर्निचर आइसलँडिक पुराणकथांच्या कोरीव कामाने भरलेलं आहे. जंगलातून सव्वा मैल चढत गेलात की पोटावाटोमी दीपगृह येतं. १८३६ मध्ये विस्कॉन्सिनमधलं पहिलं दीपगृह इथे उभं राहिलं. आत्ताची इमारत १८५८ ची.

पाणी, डबा आणि औषधं बरोबर घ्या, कारण तिथे काही विकत मिळत नाही. आणि जॅक्सन हार्बरच्या धक्क्यावर उतरताच आधी दोन वेळा विचारून घ्या: रॉक आयलंडहून शेवटची बोट कधी सुटते, आणि वॉशिंग्टन आयलंडहून नॉर्थपोर्टला परतणारी शेवटची फेरी कधी. दोन्ही वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्या कागदावर लिहून ज्याच्याकडे घड्याळ आहे त्याच्या खिशात ठेवा, मग चालायला लागा.